गुलाबी दगड, काळा दगड आणि आपल्या घागरीतलं पाणी

लातूर-नांदेडकडच्या सगळ्या बचत गटांच्या बायांना, मोटारीचं पाणी सोडून शेताच्या बांधावर रेडिओ घेऊन बसलेल्या ताईंना आणि चुलीपुढं भाकरी थापत ऐकणाऱ्या आज्जींना आमचा राम राम.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे काय काढलं या बायांनी! आज आम्ही दगडावर बोलणार आहोत. दगडातही एका खास खनिजावर. त्याचं नाव फेल्स्पार. नाव परकं आहे, जर्मन भाषेतून आलेलं आहे. वस्तू मात्र आपल्या पायाखालची आहे. आपण तुडवतो ती माती, चहा पितो ती कपबशी, वाटण करतो तो पाटा, बोअरमधून उपसतो ते पाणी, या सगळ्याशी त्याचा संबंध आहे. पाण्याशी असलेला संबंध तर असा आहे की तो प्रत्येक आईला माहीत असायलाच हवा. म्हणून शेवटपर्यंत ऐका. दगडापासून सुरू करू आणि घागरीपर्यंत येऊ.

आधी आपली जमीन बघू. लातूर जिल्हा बहुतेक सगळा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या काळ्या दगडाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तापलेला लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन त्याचा हा दगड झाला. महाराष्ट्राचा बराचसा भाग याच दगडाचा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा भागही असाच काळा. पण पूर्वेकडं निघालं, देगलूर, बिलोली, मुखेड, धर्माबादच्या बाजूला गेलं की दगडाचा रंग पालटतो. काळ्याच्या जागी करडा आणि गुलाबी दगड दिसू लागतो. माळावर मोठमोठ्या गोल शिळा एकीवर एक रचून ठेवल्यासारख्या दिसतात. हा ग्रॅनाइट. हैदराबादला गेलेल्या बायांनी तिथल्या टेकड्यांवर अशाच शिळा बघितल्या असतील. तोच हा दगड, तेलंगणातून आपल्याकडं सरकत आलेला.

या ग्रॅनाइटचं वय ऐका. सुमारे अडीचशे कोटी वर्षं! काळा पाषाण त्याच्यापुढं कालचं पोर. आणि आणखी एक गोष्ट. लातूरच्या काळ्या पाषाणाखालीसुद्धा हाच जुन्या जातीचा दगड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. ती पहाट आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. जवळपास १० हजार माणसं गेली. त्यानंतर जमिनीखाली काय आहे हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी किल्लारीत खोल बोअर घेतलं. सुमारे ३४० मीटर काळा पाषाण लागला आणि त्याच्या पोटात जुना, ग्रॅनाइटच्या कुळातला कातळ सापडला. म्हणजे नांदेडच्या पूर्वेला जो दगड उघड्यावर आहे, तोच लातूरला काळ्या घोंगडीखाली झाकलेला आहे.

आता या ग्रॅनाइटचा एक ताजा तुटलेला तुकडा हातात घ्या. खडी केंद्राजवळ, विहिरीच्या मलब्यात सहज मिळेल. उन्हात धरून बघा. त्यात तीन-चार तऱ्हेचे कण दिसतील. काचेसारखे, पाणेरी, धुरकट कण म्हणजे गार, आपली गारगोटी. चमचम करणारे काळे पापुद्रे म्हणजे काळं अभ्रक. नखानं उचकटले तर सुटतात. आणि उरलेले, सगळ्यांत जास्त असलेले, गुलाबी नाहीतर पांढुरके, जरा चपट्या अंगाचे कण म्हणजे फेल्स्पार. तुकडा हळूहळू फिरवला तर हे कण एकदम आरशासारखे लकाकतात आणि पुन्हा विझतात. ही त्याची पहिली ओळख.

अशी लकाकी का येते? फेल्स्पार फुटतो तो वेडावाकडा फुटत नाही. त्याला दोन दिशांनी सरळ चिरा असतात आणि त्या दोन चिरांमध्ये जवळजवळ काटकोन असतो. गुळाची ढेप कशीही फुटते, पण बर्फीच्या वड्या रेषेवर सुटतात, तसं. त्याच्या एका जातीचं नाव ऑर्थोक्लेज आहे. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच सरळ फुटणारा असा आहे. गारगोटीला अशा चिरा नसतात, ती काचेसारखी खोलगट टवके उडवत फुटते.

दुसरी ओळख कठीणपणाची. खनिजांचा कठीणपणा मोजायला १ ते १० अशी पायरी असते. सगळ्यांत मऊ शंखजिरे १ वर आणि सगळ्यांत कठीण हिरा १० वर. फेल्स्पार ६ वर बसतो. घरच्या घरी पारख करा. नखानं ओरखडा उठत नाही. साध्या चाकूनंही नीट उठत नाही. उलट फेल्स्पारच्या कोपऱ्यानं फुटक्या काचेवर रेघ ओढली तर काचेवर ओरखडा उठतो. पण गारगोटी ७ वर आहे, ती फेल्स्पारवर ओरखडा काढते. नख, चाकू, काच, गारगोटी एवढ्या चार वस्तूंवर मुलांना दगड ओळखायला शिकवता येतं. काच मोठ्यांनी धरावी एवढंच.

तिसरी पारख लिंबाची. शहाबादी फरशीवर लिंबू पिळलं की फरशी खाल्ली जाते, जागा मंद पडते, कारण तो चुन्याच्या जातीचा दगड आहे. फेल्स्पारवर लिंबाचा असर होत नाही. म्हणून ग्रॅनाइटचा ओटा चिंच-लिंबाला दाद देत नाही. एक सांगून ठेवतो, दुकानात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो पुष्कळदा खरा ग्रॅनाइट नसतो, बेसाल्टच्या नात्यातला दाणेदार दगड असतो. ओट्याला तो चांगलाच असतो. फेल्स्पार त्यातही आहे, पण दुसऱ्या जातीचा.

तर आता जातीकडं येऊ. फेल्स्पार हे एकाच खनिजाचं नाव नाही. ते एक कुटुंब आहे, जसं आडनाव एक आणि घरं वेगळी. सगळ्यांच्या अंगात ॲल्युमिनियम, सिलिका आणि ऑक्सिजन असतो. वर कुणाकडं पोटॅश असतं, कुणाकडं सोडियम, कुणाकडं चुना म्हणजे कॅल्शियम. पोटॅशवाले ते ऑर्थोक्लेज आणि मायक्रोक्लीन. ग्रॅनाइटमधले गुलाबी कण बहुतेक हेच. गुलाबीपणा येतो तो त्यात अडकलेल्या लोहाच्या अगदी बारीक गंजामुळं. सोडियम आणि कॅल्शियमवाल्यांना मिळून प्लॅजिओक्लेज म्हणतात. ते पांढुरके, राखाडी असतात. ग्रॅनाइटमध्ये सोडियम जास्त असलेले प्लॅजिओक्लेज असतात आणि काळ्या पाषाणात कॅल्शियम जास्त असलेले. काळ्या पाषाणात ते इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. कधी कधी सुईसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेवढंच. म्हणजे दगड गुलाबी असो की काळा, फेल्स्पार दोन्हीत आहे. पृथ्वीच्या वरच्या कवचाचा अर्ध्याहून जास्त भाग या एका कुटुंबानं भरलेला आहे.

पृथ्वीच कशाला, पौर्णिमेला चंद्राकडं बघा. चंद्राचा जो उजळ, पांढरा भाग दिसतो तो मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्स्पारचा आहे आणि त्यावर जे काळे डाग दिसतात, ज्यात आपण ससा बघतो, ते बेसाल्टचे आहेत. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिणेकडच्या भागात उतरलं. त्यातल्या प्रज्ञान गाडीनं तिथली माती तपासली, तेव्हा तीही फेल्स्पारनं भरलेल्या अशाच दगडाची निघाली. अंगठीत घालतात तो चंद्रकांत मणी, तोही फेल्स्पारच.

आता घरात शिरू. चिनीमातीची कपबशी चिनीमाती, गार आणि फेल्स्पार यांच्या भुकटीतून होते. भट्टीत बाकीच्यांच्या आधी फेल्स्पार वितळतो, सगळ्या कणांमध्ये पाझरतो आणि थंड झाल्यावर त्यांना काचेसारखं बांधून टाकतो. पाकात चिक्की बांधतो ना, तसा फेल्स्पार हा भट्टीतला पाक. कपाच्या अंगावरची चकाकी त्याचीच. घरात बसवलेल्या चकचकीत टाइल्स, संडासचं भांडं, हात धुवायचं बेसिन, विजेच्या खांबावर तार ज्यावर टेकते तो चिनीमातीचा इन्शुलेटर, काचेची बरणी, या सगळ्यांत फेल्स्पार आहे. भारतात तो काढला जातो मुख्यतः राजस्थान, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात. तिथं तो मोठ्या, शुद्ध पट्ट्यांमध्ये सापडतो. आपल्याकडं तो ग्रॅनाइटमध्ये विखुरलेला आहे. म्हणून आपल्याकडं त्याची किंमत खाणीत नाही. त्याची किंमत आहे ती माती आणि पाण्यात.

कसं ते बघा. फेल्स्पार कठीण आहे खरा, पण पाण्यापुढं तो हरतो. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन वायू मिसळतो, पाणी अगदी थोडं आंबट होतं. हजारो वर्षं हे पाणी चिरांमधून झिरपत राहतं. फेल्स्पारमधलं पोटॅश, सोडियम, कॅल्शियम पाण्यात उतरून निघून जातं आणि मागं मऊ चिकणमाती उरते. गारगोटीला पाणी फारसं काही करू शकत नाही, ती तशीच कण कण होऊन सुटते. म्हणूनच ग्रॅनाइटच्या भागात विहीर खणताना आधी मुरूम लागतो. त्या मुरमाचा खडा बोटांत चुरडला तर पिठासारखा होतो. तो कधीकाळी कठीण फेल्स्पार होता. माळावरच्या त्या गोल शिळाही अशाच झाल्या. कडेचा फेल्स्पार फुगला, कांद्याच्या पातीसारखे पापुद्रे सुटले, कोपरे गेले आणि गोळा उरला.

पाऊस भरपूर आणि काळ फार मोठा असेल तर सगळं धुपून लोखंड आणि ॲल्युमिनियमच उरतं. शेजारी बिदरच्या पठारावरचा तांबडा जांभा असा झालेला आहे.

आपल्या शेतीचा फरक इथूनच सुरू होतो. लातूरच्या काळ्या पाषाणातला फेल्स्पार आणि त्याच्या सोबतची गडद खनिजं कुजली की जी चिकणमाती होते ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. हीच आपली काळी कसदार माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पायाला शेरभर चिकटते. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस तिच्यावर उभे राहतात, कारण ती ओल धरून ठेवते. त्याच फुगण्या-आकसण्यानं घराच्या भिंतींना तडेही जातात, म्हणून काळ्या रानात घर बांधताना पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. काळ्या मातीत सापडणारे पांढरे चुनखडीचे खडेही फेल्स्पारमधून सुटलेल्या कॅल्शियमचीच करणी.

ग्रॅनाइटवर होते ती माती वेगळी. तांबूस, वाळूमिश्रित, बरड. पाणी लवकर निचरतं, ओल टिकत नाही. आठ-दहा दिवस पावसानं ताण दिला की मुखेड-देगलूरकडच्या माळरानात पीक आधी माना टाकतं. अशा रानात शेणखत, गाळ, बांधबंदिस्ती यांना दुप्पट मोल आहे. काहीजणी विचारतील, या गुलाबी दगडात पोटॅश आहे तर तोच दळून शेतात टाकला तर? पोटॅश आहे, पण ते दगडानं मुठीत धरून ठेवलेलं आहे. ते इतकं हळू सुटतं की या हंगामाच्या पिकाला त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. तेव्हा दगडाची भुकटी खताच्या भावानं कुणी विकायला आणली तर पैसे जपून. त्यापेक्षा चुलीतली राख शेणखतात मिसळा. लाकडाच्या राखेतलं पोटॅश पिकाला पटकन लागू होतं.

आता पाण्याकडं येऊ. आजचा खरा विषय हाच आहे.

आपण बाया पाण्याची पारख कशी करतो? डाळ शिजते का, साबणाला फेस येतो का आणि चव गोड लागते का, या तीन खुणांवर. लातूरकडच्या कितीतरी बोअरचं पाणी जड असतं. डाळ तासभर शिजत नाही, साबण फाटतो, पातेल्याला पांढरा थर बसतो. त्याला कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मग एखाद्या बोअरचं पाणी असं लागलं की डाळ झटकन शिजली, साबण फेसाळला, की आपण म्हणतो, वा, काय पाणी लागलं!

मैत्रिणींनो, ग्रॅनाइटच्या भागात इथंच फसायला होतं. ते कसं ते सांगतो.

ग्रॅनाइटमध्ये फेल्स्पारबरोबर काळं अभ्रक असतं हे आपण पाहिलं. त्या अभ्रकात आणि आणखी काही बारीक खनिजांत फ्लोराइड असतं. फेल्स्पारच्या अंगात फ्लोराइड नसतं. पण पाणी फेल्स्पार कुजवतं तेव्हा त्यातला सोडियम पाण्यात येतो आणि पाणी सोड्यासारखं, खाऱ्या अंगाचं होतं. पापडखाराच्या पाण्यासारखं समजा, फक्त फार सौम्य. अशा पाण्यात कॅल्शियम टिकत नाही, ते चुनखडी होऊन खाली बसतं. आता कॅल्शियमचं काम काय होतं? ते फ्लोराइडला धरून ठेवायचं, पाण्यात फार वाढू द्यायचं नाही. राखणदारच गेला, मग फ्लोराइड मोकळं सुटलं. दगडातून पाण्यात येत राहिलं, साठत राहिलं.

म्हणजे बघा, ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त, त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, आणि त्याच पाण्यात फ्लोराइड जास्त असण्याची शक्यताही असते. आपल्या आज्जीची पारख खोटी नव्हती. तिच्या काळी पाणी उथळ विहिरीचं होतं, दरवर्षी पावसानं बदलणारं. आता आपण चारशे-पाचशे फूट खाली जातो. तिथलं पाणी वर्षानुवर्षं दगडाच्या चिरांत मुरलेलं असतं. जितका जास्त काळ दगडाची संगत, तितकं जास्त फ्लोराइड, असं पुष्कळदा होतं. प्रत्येक बोअरला होतंच असं नाही. एका गावात दोन बोअर शंभर पावलांवर असतात आणि एकाचं पाणी चांगलं, दुसऱ्याचं वाईट निघतं. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यानं, जिभेनं, डाळीनं ते कळत नाही. तपासल्यावरच कळतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत फ्लोराइड आढळलेल्या जिल्ह्यांमध्ये नांदेडचं नाव आहे. किनवटसारख्या तालुक्यातल्या पाण्याचे अभ्यास झालेले आहेत. हा त्रास आपल्या एकट्यांचा नाही. भारतात या आजाराची पहिली नोंद १९३७ साली आंध्रातल्या नेल्लोर भागातून झाली. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्याचं नाव तर या आजाराशी जोडलंच गेलं. तिथंही जमिनीखाली ग्रॅनाइटच आहे.

शरीरावर काय होतं? थोडं फ्लोराइड दातांना चालतं. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरं पाणीच नसेल तर जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम. त्याच्या वर रोज पोटात जात राहिलं तर आधी मुलांच्या दातांवर दिसतं. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, हे पाणी गेलं तर दात येतानाच पांढरे खडूसारखे, मग पिवळे-तपकिरी आडवे पट्टे घेऊन येतात. घासून ते जात नाहीत, कारण डाग वरून लागलेला नसतो, दाताच्या घडणीतच असतो. अशा मुलीला शाळेत "दात घासत नाहीस का" म्हणून टोचलं जातं, पुढं लग्न ठरवताना बोट दाखवलं जातं. त्या पोरीचा त्यात काडीचाही दोष नाही. दोष तिच्या गावच्या पाण्यातला. हे आपण आयांनी, मावश्यांनी, शिक्षकांनी ठणकावून सांगायला हवं.

पुष्कळ वर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पिलं तर हाडं आणि सांधे धरतात. मान वळत नाही, कंबर वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही. आपण त्याला वय झालं, वात झाला म्हणतो. एकाच वस्तीत बऱ्याच जणांना, त्यातही तरुण माणसांना असं होत असेल, तर पाण्यावर संशय घ्यावा आणि सरकारी दवाखान्यात दाखवावं. बिघडलेली हाडं पुन्हा पहिल्यासारखी करणारं औषध नाही. म्हणून जे करायचं ते आधीच.

काय करायचं? पहिली गोष्ट, पाणी तपासा. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन सुरू झालं. त्यात प्रत्येक गावातल्या निदान पाच बायांना पाणी तपासणीचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे आणि त्यासाठी तपासणीची पेटी असते. त्या पेटीत फ्लोराइडची चाचणीही असते. पाण्यात औषध घालायचं आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा, इतकं सोपं आहे. आपल्या गावात त्या पाच बाया कोण आहेत? पेटी कुठं आहे? कपाटात कुलूपबंद आहे की वापरात आहे? ग्रामसभेत विचारा. पेटीत जास्त आलं तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला ग्रामपंचायतीला सांगा आणि अहवाल फळ्यावर लावायला लावा. तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी, कारण आकडा बदलतो.

दुसरी गोष्ट, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. जंतू मरतात, पण फ्लोराइड तसंच राहतं. पाणी आटलं तर उलट त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी फिरवली, क्लोरीन टाकलं, कपड्यानं गाळलं, यानंही पाणी सुरक्षित होत नाही. तुरटी आणि चुना ठराविक मापानं वापरून फ्लोराइड काढायची एक पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनं काढली, तिला नलगोंडा पद्धतच म्हणतात. पण त्यात माप पाण्याच्या तपासणीवरून ठरतं. अंदाजानं घरी तुरटी वाढवू नका, तुरटीतलं ॲल्युमिनियम पोटात जाणंही चांगलं नाही. आरओच्या यंत्रानं फ्लोराइड कमी होतं, पण यंत्राची निगा राखली तरच. जारचं पाणी विकत घेत असाल तर तेही एकदा तपासून घ्या.

तिसरी गोष्ट, पिण्याचं पाणी वेगळं करा. सगळं पाणी बदलायची गरज नाही. आंघोळीला, भांड्यांना, धुण्याला, जनावरांच्या गोठ्याला धुवायला ते पाणी चालतं. पिणं आणि स्वयंपाक एवढ्यापुरतं चांगलं पाणी वेगळं भरायचं. गावात एखादी चांगली उथळ विहीर असेल तर तिचं पाणी तपासून, शुद्ध करून तिचाच वापर करता येतो. पावसाचं पाणी दगडाला शिवलेलंच नसतं, त्यामुळं त्यात हा दोष नसतो. पत्र्यावरचं पाणी पहिला पाऊस वाया जाऊ देऊन स्वच्छ टाकीत धरलं तर पिण्याला कितीतरी दिवस पुरतं. नाला अडवला, विहिरीशेजारी पाणी मुरवलं तर विहिरीतलं फ्लोराइड पातळ होतं. बंधाऱ्याच्या कामात बायांचं मत का हवं, त्याचं हेही एक कारण.

चौथी गोष्ट खाण्याची. दूध, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याची पानं यांतून कॅल्शियम मिळतं, तेच आपलं राखणदार. आवळा, लिंबू, पेरू खावेत. काळं मीठ, त्याची चूर्णं आणि कोरा चहा यांतूनही फ्लोराइड जातं, ते अशा गावांत कमी करावं. लहान मुलांना फ्लोराइड नसलेली टूथपेस्ट द्यावी. गरोदर बाई आणि अंगणवाडीतली लेकरं यांना चांगलं पाणी आधी. घरात एकच हंडा चांगला मिळत असेल तर तो त्यांचा.

जाता जाता आणखी एका गोष्टीवर बोलायलाच हवं. ग्रॅनाइटच्या पट्ट्यात खडी केंद्रांवर, दगड फोडण्यावर आपल्या कितीतरी बहिणी काम करतात. दगड फुटताना जी धूळ उडते, त्यात फेल्स्पार असतो तसा गारेचा बारीक चुराही असतो. तो गारेचा चुरा वर्षानुवर्षं छातीत गेला की फुप्फुसं कडक होतात, धाप लागते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही आणि त्याला पुष्कळदा टीबी समजलं जातं. पदर तोंडाला बांधल्यानं ही बारीक धूळ अडत नाही. दगडावर पाणी मारून काम करणं, धूळ रोखणारा मास्क मालकाकडून मागून घेणं, आणि लेकराला धुळीपासून लांब ठेवणं, एवढं तरी व्हायला हवं. दवाखान्यात खोकल्यासाठी गेलात तर डॉक्टरांना आपण खडीवर काम करतो हे आवर्जून सांगा.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन कामं करू. एक, गावच्या दगडाचा एक ताजा तुकडा आणा आणि नख, चाकू, गारगोटी घेऊन त्याची पारख करा. गुलाबी आहे की काळा, ते मुलांनाही दाखवा. दोन, गावातल्या पिण्याच्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची यादी करा. खोली किती, पाणी कधी तपासलं, आकडा काय आला, हे वहीत तीन रकान्यांत लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो भरून आणायचं काम कुणाचं, हे त्याच बैठकीत ठरवा. आणि तीन, अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या लेकरांचे दात एकदा उजेडात बघा. पट्टे दिसले तर आशाताईला सांगा, आणि त्या लेकराला रागावू नका.

नांदेडच्या बाजूच्या गटांनी हे काम आधी हाती घ्यावं, आणि लातूरच्या गटांनीही थांबू नये, कारण खोल बोअरचं पाणी कुठलंही असो, ते तपासलेलंच बरं. वहीतले आकडे आमच्याकडं पाठवा. कोणत्या गावात किती बोअर तपासले गेले, ते आम्ही पुढच्या वेळी रेडिओवर वाचून दाखवू.

येतो आम्ही. राम राम.